मुलाखत एकट्या उमेदवाराची नसते

दहावीच्या निकालाला पेढे, बारावीच्या निकालाला धावपळ आणि अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की घरात एक अवघडलेली शांतता, असा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा आता क्रमच ठरून गेला आहे. सिडकोच्या एन-सेक्टरांतली घरे असोत, गारखेडा परिसरातले फ्लॅट असोत की पैठण-गंगापूरकडून शिकायला आलेल्या मुलांच्या भाड्याच्या खोल्या असोत. पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरात एकच शब्द कानावर पडू लागतो. तो शब्द म्हणजे प्लेसमेंट. पूर्वी लग्नाच्या मांडवात उपवर मुलींच्या आईला हळूच विचारले जायचे, 'मग, जमलं का कुठे?' आता तोच प्रश्न त्याच आवाजात अभियंता मुलांच्या वडिलांना विचारला जातो.

मुलाखतीच्या खोलीत मुलगा किंवा मुलगी एकटीच जाते हे खरे. पण तिच्यामागे सारे घर बसलेले असते. चार वर्षांची फी, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गावाकडे विकलेले अर्धा एकर रान, आईची मोडलेली पाटली, सगळे त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून असतात. गंमत अशी की त्या अर्ध्या तासात नेमके काय घडते, कोण कोणाला कशावरून निवडते आणि निवड झाल्यावर पुढे काय होते, याची कल्पना घरातल्या वडीलधाऱ्यांना क्वचितच असते. 'मार्क चांगले, इंग्रजी फाडफाड, की नोकरी पक्की' एवढाच त्यांचा हिशेब. हा हिशेब अपुरा आहे, आणि त्यामुळे कित्येक घरांचे नुकसान होते. म्हणून या विषयाकडे आज जरा सविस्तर पाहू.

लेथसमोरची परीक्षा

नोकरभरती ही गोष्ट या शहराला नवी नाही. १९७४ साली मराठवाड्यातले विद्यार्थी विकासाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत रोजगार ही ठळक मागणी होती. त्या काळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्ड जपून ठेवायचे, मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची. पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत भरली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागून सुटे भाग बनवणारे कितीतरी लघुउद्योग उभे राहिले, आणि या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पाळीचा भोंगा ओळखीचा झाला.

त्या कारखान्यांतली भरती आठवून पाहा. आयटीआय झालेला मुलगा गेटवर आला की फोरमन त्याच्या हाती एक ड्रॉइंग आणि लोखंडाचा तुकडा द्यायचा आणि लेथकडे बोट दाखवायचा. 'एवढा जॉब करून दाखव.' तासाभराने मायक्रोमीटर लागायचा. माप बरोबर आले तर आले, नाही तर नाही. मुलगा कोणत्या गावचा, बोलतो कसा, शर्ट इस्त्रीचा आहे की नाही, याच्याशी त्या मायक्रोमीटरला कर्तव्य नसायचे. चिठ्ठ्याचपाट्या आणि ओळखीपाळखी तेव्हाही होत्याच, त्या नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण जे काम करायचे तेच परीक्षेत करून दाखवायचे, हे त्या पद्धतीतले तत्त्व मात्र शंभर नंबरी होते.

संगणकाच्या क्षेत्रात आपली मुले शिरली ती या शहराच्या बाहेर पडून. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९६० पासून आहे. पुढे खासगी महाविद्यालयेही निघाली. पदव्या येथे मिळू लागल्या, पण सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या मोठ्या संख्येने राहिल्या त्या पुण्यात, हिंजवडी-खराडीला. मध्ये सुमारे २३५ किलोमीटरचे अंतर. रात्रीची गाडी पकडायची, नेवासा, अहिल्यानगर, शिरूर मागे टाकत पहाटे पुण्यात उतरायचे, मित्राच्या खोलीवर अंघोळ उरकायची आणि नऊ वाजता रांगेत उभे राहायचे, हा अनुभव येथल्या किती तरी मुलांनी घेतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीबाहेर थेट मुलाखतींसाठी लागलेल्या अभियंत्यांच्या लांबच लांब रांगेची चित्रफीत देशभर पाहिली गेली. प्रत्येकाच्या हातात एक फाइल. त्या रांगेत आपल्याकडचीही मुले असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

चाळणीची भोके

मोठ्या कंपनीकडे जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत येतात. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर निवड होतच नाही, फक्त गाळणी होते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के, विषय राहिलेला नसावा, शिक्षणात दोन वर्षांहून अधिक खंड नसावा, अशा अटी बऱ्याच कंपन्या घालतात. पंधराव्या वर्षी मिळालेल्या गुणांवरून बाविसाव्या वर्षीचा अभियंता कसा जोखायचा, हा प्रश्न रास्त आहे. ज्या वर्षी पाऊस पडला नाही आणि घर विस्कटले, नेमक्या त्याच वर्षी ज्याची बारावी होती, त्याला ही चाळणी खाली पाडते. तो पोरगा कच्चा आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की कंपनीला स्वस्तात गर्दी कमी करायची होती.

पण चाळणी आहे हे कळले की तिच्याशी वागताही येते. अटी अर्ज करण्यापूर्वी नीट वाचाव्यात. शिक्षणात खंड पडला असेल तर तो लपवू नये. निवड झाल्यावर कागदपत्रांची तपासणी होते आणि लपवाछपवी उघड झाली की हातातले पत्र परत जाते. साठ टक्क्यांची अट न घालणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत, विशेषतः लहान आणि मध्यम. त्यांची नावे महाविद्यालयाच्या फलकावर लागत नाहीत, ती शोधावी लागतात, एवढेच.

पुढचा टप्पा संगणकावरच्या चाचणीचा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१८ पासून देशपातळीवर अशी एकच पात्रता चाचणी सुरू केली. या चाचण्यांच्या नावाने आई-वडील बिचकतात, आणि ती भीती ओळखूनच शहरात ठिकठिकाणी क्लासचे फलक लागतात. प्रत्यक्षात त्यातला एक मोठा भाग आपल्या ओळखीचा असतो. शिष्यवृत्ती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी आठवते ना? काळ-काम-वेग, टक्केवारी, नातेसंबंध, आकृत्यांचा क्रम? तेच हे. फरक आहे तो घड्याळाचा. प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. समोर घड्याळ ठेवून रोज तासभर सराव केला तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो. त्यासाठी हजारो रुपये मोजावेच लागतात असे नाही.

त्यानंतर प्रोग्रॅम लिहून दाखवण्याची फेरी. ही फेरी म्हणजे खरे तर आपल्या लेथचीच थोरली नात. प्रश्न दिलेला असतो, वेळ ठरलेला असतो, आणि उत्तर बरोबर की चूक हे यंत्र सांगते. यात बोलण्याचा, दिसण्याचा, गावाचा संबंध नाही. म्हणून ग्रामीण भागातल्या मुलांनी ज्या फेरीला घाबरायचे नाही ती हीच. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही तसा प्रोग्रॅमही पाठ करून येत नाही. रोज थोडा लिहावा लागतो, चुकावा लागतो, चूक शोधावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाची भीती

आता प्रत्यक्ष मुलाखत. आपल्या घरांत सगळा घोर असतो तो इंग्रजीचा. 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले इंग्रजीत घोकून जातात: नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, छंद, बलस्थाने, उणिवा. सगळ्यांचे उत्तर एकाच साच्यातून निघालेले. समोरच्या माणसाने ते सकाळपासून तीस वेळा ऐकलेले असते. तो कंटाळून विचारतो, 'बरं, तुमचा प्रकल्प काय होता?' आणि येथे खरी मुलाखत सुरू होते.

एक कटू गोष्ट बोलायला हवी. शेवटच्या वर्षाचे तयार प्रकल्प पैसे देऊन मिळतात, हे गुपित राहिलेले नाही. अहवाल बांधून मिळतो, सीडीच्या जागी आता पेनड्राइव्ह मिळतो, आणि महाविद्यालयात गुणही मिळतात. पालकांना वाटते, फीत आणखी थोडी भर पडली, एवढेच. पण मुलाखतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ असते, दुसऱ्याचे नसते. 'हीच पद्धत का निवडली? डेटाबेसमध्ये ही माहिती दोन ठिकाणी का ठेवली? वापरणारे एकदम हजार झाले तर काय होईल?' स्वतः केलेल्या मुलाला यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, सांगायला पुष्कळ असते. विकत घेणाऱ्याची जीभ टाळूला चिकटते, आणि घरी येऊन तो सांगतो, 'इंग्रजीमुळे गेलं.' ज्याला आपण इंग्रजीची भीती म्हणतो, ती पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाची भीती असते.

तेव्हा प्रकल्प साधा असू द्या, पण आपला असू द्या. मामाच्या कृषिसेवा केंद्रातला खतांचा साठा आणि उधारी सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, वाळूजच्या एखाद्या कारखान्यातल्या नाकारलेल्या नगांची रोजची नोंद ठेवून कोणत्या यंत्रावर चुका अधिक होतात ते दाखवणारा तक्ता, असे काम ज्याने मनापासून केले आहे त्याच्याशी कोणताही जाणता अभियंता अर्धा तास आनंदाने बोलतो. इंग्रजी सुधारले पाहिजेच, त्याला पर्याय नाही. पण ते सुधारते केलेल्या कामाबद्दल रोज दहा मिनिटे मोठ्याने बोलून. 'माय हॉबीज आर' घोकून ते सुधारत नाही. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर 'येत नाही, पण मी असा विचार करून पाहीन' हे सांगण्यात कमीपणा नाही. थाप मात्र तिथल्या तिथे उघडी पडते.

परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा

सल्ले नेहमी उमेदवारालाच का द्यायचे? मुलाखत घेणाऱ्यालाही मुलाखत घेता आली पाहिजे. या विषयावर जगात बरेच संशोधन झाले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. माणूस पुढे काम कसे करील याचा उत्तम अंदाज देणाऱ्या गोष्टींत त्यांना प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत या दोन गोष्टी वरच्या क्रमांकावर आढळल्या. मनाला येईल ते विचारत रंगवलेल्या गप्पावजा मुलाखतीचा नंबर खाली लागला, आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा तर त्याहूनही खाली. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले, तेव्हाही ठरावीक प्रश्नांची पद्धतशीर मुलाखत सर्वांत वर राहिली. गूगलसारख्या कंपनीत विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील असली कोडी घालण्याची एके काळी टूम होती. त्या कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ साली ती कोडी निरुपयोगी असल्याची उघड कबुली दिली. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान मिळते, यापलीकडे त्यांतून काही हाती लागत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

म्हणजे आपला वाळूजचा फोरमन शास्त्रशुद्ध वागत होता म्हणायचे! आणि वातानुकूलित खोलीत बसून 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' असे विचारणारा व्यवस्थापक मात्र वेळ घालवत होता. बाविसाव्या वर्षी पाच वर्षांनंतरचे कोणाला दिसते?

पत्र आले, पुढे काय?

निवडीचे पत्र आले की घरात देवापुढे साखर ठेवली जाते. ठेवावी. पण पत्र नीट वाचावेही. वर्षाला तीन लाख साठ हजारांचे 'पॅकेज' म्हणजे महिन्याला तीस हजार हातात, असे समजून बरीच घरे हप्त्यांचे बेत आखतात. एक उदाहरण करून पाहू. समजा मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिना १५ हजार. कंपनी भविष्यनिर्वाह निधीत भरते ते १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, ते याच तीस हजारांत धरलेले असतात. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२१ रुपये, तेही त्यातच. ही रक्कम कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के असेल तर ३,००० रुपये वर्षअखेरीवर गेले. उरलेल्यातून मुलाच्या वाट्याचे भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा करा. हातात येतात सुमारे साडेबावीस हजार. (मुलगी असेल तर महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही.) यात पुण्यातले भाडे आणि खानावळ भागवायची. हा हिशेब आधी केला तर नंतर कोणावर रागवायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट बाँडची. 'बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो' असे कट्ट्यावर ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे नोकरीची आणि ती मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. अर्थात मनमानी रकमेला न्यायालय मान्यता देईल असा याचा अर्थ नाही. रक्कम वाजवी असावी लागते. पण सही करण्यापूर्वी मुदत किती, रक्कम किती आणि ती कशासाठी, हे विचारलेच पाहिजे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, छायाप्रती द्याव्यात. मूळ कागद कोणाच्या ताब्यात ठेवून येऊ नये.

आणि पत्र म्हणजे नोकरी नव्हे, हे गेल्या काही वर्षांनी आपल्याला चांगलेच शिकवले आहे. २०२२ च्या तुकडीतल्या सुमारे दोन हजार मुलांना इन्फोसिसमध्ये रुजू व्हायला २०२४ उजाडले. पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेला त्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाचे दार ठोठवावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांचे पत्र दिलेल्या मुलांपुढे साडेतीन लाखांचा पर्याय ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून इन्फोसिसने तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना कमी केले; तीन वेळा संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. कंपन्यांच्या धंद्यात चढउतार असतात, हे मान्य. पण त्या उताराचा भार पहिल्या पगाराची वाट पाहणाऱ्या घराने वाहावा, हा कुठला न्याय? रुजू होण्याची तारीख पुढे ढकलायची असेल तर कंपनीने तसे लेखी कळवावे, आणि ठरावीक मुदतीनंतर मुलाला काही भरपाई द्यावी, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर घराने काय करावे? एका पत्रावर विसंबून दुसरे दरवाजे बंद करू नयेत. वाट पाहण्याचे महिने रिकामे जाऊ देऊ नयेत. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी योजना आहेत. राज्य सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी महिना दहा हजारांचे विद्यावेतन ठेवले गेले. पैसा थोडा, पण कामाची सवय राहते आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला काही तरी खरे असते.

पैसे मागणारी नोकरी

ज्या घरात वाट पाहणे लांबते, त्या घराचा पत्ता लबाडांना बरोबर सापडतो. 'सीट फिक्स आहे, फक्त प्रशिक्षणाची अनामत भरा', 'अनुभवाचे पत्र करून देतो, तीन वर्षांचा पगार दाखवू', अशी भाषा सुरू झाली की समजावे, हा सापळा आहे. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हा साधा नियम घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. खोट्या अनुभवाचे तर विचारूच नका. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर माणूस कुठे, कधीपासून कधीपर्यंत कामाला होता याची नोंद असते. ती तपासली की तीन वर्षांचा डोलारा तीन मिनिटांत कोसळतो. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक.

मुलगी आणि पुणे

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावले गेले, आणि कारखान्यात घेतलेली ती पहिली महिला अभियंता ठरली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. आज जाहिरातीत तसे कोणी छापत नाही. भरतीत स्त्री म्हणून डावलायला १९७६ च्या कायद्यानेच मनाई केली. पण 'लग्न कधी करणार? लग्नानंतर नोकरी सोडणार का?' हे प्रश्न मुलाखतीत हसत हसत विचारले जातात. मुलाला कोणी विचारत नाही. मुलीने अशा वेळी शांतपणे सांगावे, 'माझ्या कामाविषयी विचारा.'

मात्र याहून मोठी अडचण आपल्या घरात आहे. मुलगी निवडली गेली, पत्र आले, आणि घरात बैठक बसते: 'पुण्यात एकटी राहील का? त्यापेक्षा इथेच एखाद्या शाळेत लागू दे.' कंपनीची चाळणी पार केलेल्या मुलीला घराच्या चाळणीत पाडायचे, याला काय म्हणावे? सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. तिच्यावरचा उपाय म्हणजे वसतिगृह स्वतः जाऊन पाहणे, रात्रपाळीला कंपनीची गाडी आहे का हे विचारणे, पहिला महिना सोबत राहणे. पत्र परत करणे हा उपाय नव्हे.

याच गावात का नाही?

सगळ्यांनी पुण्यालाच का जावे, असाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शेंद्र्याच्या ऑरिक सभागृहाचे उद्घाटन झाले. २०२४ साली बिडकीनला मोटारींच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. त्याच वर्षी एथर एनर्जीनेही येथे दुचाकींचा प्रकल्प जाहीर केला. आजचा मोटारींचा कारखाना म्हणजे निम्मा संगणकच. यंत्रमानव, त्यांची नियंत्रणे, साठ्याचा हिशेब, गुणवत्तेची तपासणी, सगळीकडे सॉफ्टवेअर आहे. यंत्रही समजते आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो असा मुलगा या शहराइतका दुसरीकडे कुठे सहज मिळेल? पण त्यासाठी येथल्या उद्योजकांनी 'आपल्याच गावचा पोरगा आहे, सात-आठ हजारांत राबेल' हा विचार सोडला पाहिजे. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले. ते द्यावे, वेळेवर पगार द्यावा. मग पुण्याची गाडी थोडी रिकामी धावेल.

२०२० नंतर मुलाखती घरबसल्या संगणकावर होऊ लागल्या, आणि आपल्या मुलांचा रात्रीचा प्रवास वाचला. आता पडद्याआड कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन उत्तरे देणारे वाढले, तशा कंपन्या पुन्हा समोरासमोर बोलावू लागल्या आहेत. निदान एक फेरी तरी प्रत्यक्ष भेटीची ठेवू, असे गूगलच्या सुंदर पिचई यांनी २०२५ साली सांगितले. लबाडी थोड्यांची, प्रवासखर्च मात्र सगळ्यांना. कंपन्यांना प्रत्यक्ष भेट हवी असेल तर त्यांनी एक फेरी येथे येऊन घ्यावी. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची मुले एका दिवसात या शहरात येऊ शकतात.

महाविद्यालयांनाही एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत फाटकावर जो फलक झळकतो, त्यावर एका मुलाचा फोटो आणि सर्वांत मोठे पॅकेज असते. पालकांनी त्या फलकाखाली उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: परीक्षेला किती मुले बसली? त्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाली? आणि सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्या मुलाचा पगार किती? फलकावरचा मुलगा आपला असेल ही शक्यता थोडी. तो मधला मुलगा आपला असण्याची शक्यता अधिक. ज्या महाविद्यालयाकडे या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, तेथे फी भरताना हात आखडू नये.

नकार तर येणारच. पाच येतील, पंधरा येतील. एक नकार म्हणजे त्या दिवशी, त्या कंपनीने, त्या जागेसाठी दिलेले उत्तर. मुलाच्या आयुष्याचा निकाल नव्हे. घरी परतलेल्या मुलाला 'काय झालं?' याऐवजी 'आज काय विचारलं?' असे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नावर तो मान खाली घालील. दुसऱ्यावर तो बोलू लागेल, कागद घेऊन आकृती काढून दाखवील, कुठे अडला ते त्याचे त्यालाच समजेल. पुढच्या मुलाखतीची तयारी तेथूनच सुरू होते, आणि त्यासाठी कोणताही क्लास लावावा लागत नाही.